मादागास्कर : शेजार एकाशी, नाते दुसऱ्याशी

मे महिन्यात शाळेच्या आवारातला गुलमोहर लालभडक फुलतो. वर्गाच्या खिडकीखालच्या वाफ्यात सदाफुली तर बारा महिने फुललेली असते. ही झाडे कुठली, असे विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण 'आपलीच' असे उत्तर देतील. प्रत्यक्षात दोन्ही मूळची मादागास्कर बेटावरची आहेत. बागांच्या हौसेमुळे ती जगभर पसरली आणि आपल्या अंगणात इतकी रुळली की त्यांचे परकेपण कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नकाशा उघडू. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला जणू नावेसारखे बांधून ठेवलेले हे बेट दिसते. लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ यांच्यानंतर जगातील हे चौथे मोठे बेट. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्यामधली मोझांबिकची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ४०० किलोमीटर रुंद आहे. साहजिकच वाटते की इथली जमीन आफ्रिकेची, प्राणी आफ्रिकेचे आणि माणसेही आफ्रिकेची असणार.

यातला एकही अंदाज सरळपणे खरा ठरत नाही. जमिनीचे सर्वांत जवळचे नाते आपल्या भारताशी आहे, प्राण्यांचे आफ्रिकेशी, पण तेही फार जुने आणि अपघाताने जडलेले, आणि भाषेचे नाते आहे सात हजार किलोमीटर दूरच्या बोर्निओशी. जमीन, प्राणी आणि माणूस हे तिन्ही इथे वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या दिशांनी आले. कोण कधी आले हे कळले की या बेटावरच्या बऱ्याच नवलाईचा उलगडा होतो.

भारताचे विलग झालेले भावंड

दक्षिण गोलार्धातील आजचे भूखंड एके काळी 'गोंडवन' नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होते. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी या महाखंडाला तडा गेला. मादागास्कर आणि भारत हे तेव्हा एकमेकांना जोडलेले होते. ती जोडी आफ्रिकेपासून सुटली आणि पुढची सुमारे सात कोटी वर्षे एकत्रच राहिली. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासूनही सुटला, उत्तरेकडे सरकला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन धडकला. त्या धडकेतून हिमालय उभा राहिला. मादागास्कर मात्र आफ्रिकेजवळच राहिले. आज त्याचे उत्तर टोक आणि केरळचा किनारा यांच्यात जवळजवळ चार हजार किलोमीटर समुद्र आहे.

याचा पुरावा काय? एक पुरावा कर्नाटकात मलपेजवळ आहे. तिथल्या सेंट मेरी बेटांवर लाव्हारस थंड होताना तयार झालेले दगडी खांब उभे आहेत. त्यांचे वय आणि मादागास्करमधील ज्वालामुखीजन्य खडकांचे वय जुळते. दोन्ही त्या ताटातुटीच्या काळातले आहेत. दक्षिण भारतातील चार्नोकाइट, खोंडालाइट यांसारखे अतिप्राचीन खडकही मादागास्करमध्ये सापडतात. शिवाय मादागास्करचा पूर्व किनारा पाहावा. तो पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, कारण भारत तिथूनच तुटून निघाला.

इथे महाराष्ट्रातला चौकस विद्यार्थी विचारील, 'मग आपल्या डोंगरांचा काळा कातळही तिकडे मिळेल का?' उत्तर नाही असे आहे, आणि त्यामागचे कारण विद्यार्थ्यांना स्वतःच काढता येईल. दख्खनचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून साचला. तोवर मादागास्करशी ताटातूट होऊन दोन कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. कोकणचा किनारा ज्याच्यापासून तुटला ते भावंड वेगळे, आजच्या सेशल्स बेटांचे. ती ताटातूट दख्खनच्या उद्रेकांनंतर लवकरच झाली.

आरशातला सह्याद्री

मादागास्करच्या भूगोलाची रचना आपल्याला ओळखीची वाटेल. फरक इतकाच की ती आरशात पाहिल्यासारखी उलटी आहे. आपल्याकडे पश्चिमेला चिंचोळी किनारपट्टी, मग सह्याद्रीचा उभा कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारे पठार आहे. मादागास्करमध्ये चिंचोळी किनारपट्टी आणि कडा पूर्वेला आहेत आणि पठार पश्चिमेकडे उतरते. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे कोकणात पाऊस पाडतात आणि देशावर पर्जन्यछाया पडते. तिथे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व उतारावर पाऊस पाडतात. त्यामुळे पूर्वेला सदाहरित वर्षावन आहे, पश्चिमेला पानगळीचे कोरडे जंगल आणि नैर्ऋत्येला इतका कमी पाऊस की तिथे काटेरी वन उभे राहिले आहे. गुलमोहर या कोरड्या जंगलातला आहे. कडक उन्हाळ्यात तो आपल्याकडे का टिकतो हे यावरून लक्षात येईल.

पश्चिमेकडच्या बेमाराहा भागात चुनखडीचा प्रदेश पावसाच्या पाण्याने कोरला जाऊन दगडी सुयांचे रान झाले आहे. त्याला 'त्सिंगी' म्हणतात. काही सुळके कित्येक मीटर उंच आणि सुरीसारखे धारदार आहेत. त्यांच्या फटींत लेमूर राहतात. आणि याच कोरड्या पश्चिमेत गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, वाढते. जगात गोरखचिंचेच्या एकूण ८ जाती आहेत. त्यांपैकी ६ फक्त मादागास्करमध्ये आहेत, एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि एक ऑस्ट्रेलियात. हा वृक्ष मुळात मादागास्करचाच असावा आणि तिथून बाकीच्या दोन खंडांत पोहोचला असावा, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून निघाला. आपल्याकडे जुन्या बंदरांजवळ आणि दर्ग्यांच्या आवारात दिसणारी गोरखचिंच आफ्रिकेतली जात आहे.

बुडालेल्या खंडाची कल्पना

मादागास्करमध्ये सिंह नाही, हत्ती नाही, झेब्रा नाही, हरणे नाहीत आणि माकडेही नाहीत. माकडांच्या जागी आहेत लेमूर. तेही आपल्यासारखेच नरवानर गणातले, पण फार पूर्वी फुटलेल्या फांदीवरचे. त्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत. सर्वांत लहान जात मुठीत मावते, तर मोठ्या 'इंद्री'चे ओरडणे जंगलात दूरवर ऐकू येते.

१८६४ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांच्या लक्षात आले की लेमूरचे नातेवाईक भारतातही आहेत. दक्षिण भारत व श्रीलंकेच्या जंगलातला मोठ्या डोळ्यांचा लोरिस हा त्यांपैकी एक. मग मधल्या समुद्रात पूर्वी एखादा खंड असून तो बुडाला असावा, असे त्यांनी सुचवले आणि त्या कल्पित खंडाला 'लेमुरिया' हे नाव दिले. त्या काळी भूखंड सरकतात ही कल्पनाच नव्हती. वेगेनर यांनी ती १९१२ मध्ये मांडली आणि १९६० च्या दशकात ती सर्वमान्य झाली. त्यानंतर बुडालेल्या खंडाची गरज उरली नाही.

पण मग लेमूर सरकत्या जमिनीवर बसून आले, असे म्हणावे का? तेही चूक ठरेल. जनुकांतील फरकांवरून लेमूरचे पूर्वज मादागास्करमध्ये सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी आले असे दिसते. त्या वेळी हे बेट आफ्रिकेपासून सुटून दहा कोटी वर्षे आणि भारतापासून सुटून सुमारे तीन कोटी वर्षे झाली होती. चारही बाजूंनी समुद्र होता. म्हणजे लेमूर समुद्र ओलांडूनच आले.

कसे? महापुरात नदीकाठचे वृक्ष मुळांसकट, वेलींसकट उन्मळून समुद्रात जातात आणि त्यांचे तराफे होतात. त्यावर एखादी गाभण मादी असली आणि तराफा किनाऱ्याला लागला तर एक वंश सुरू होऊ शकतो. १९४० मध्ये अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी याची तुलना सोडतीशी केली. तिकीट लागण्याची शक्यता नगण्य, पण लक्षावधी वर्षे सोडत निघत राहिली तर कधीतरी ते लागतेच. हे केवळ कल्पनेतले नाही. १९९५ मध्ये कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटावर वादळानंतर वाहून आलेल्या ओंडक्यांच्या तराफ्यासोबत किमान १५ हिरवे इग्वाना सरडे किनाऱ्याला लागल्याचे नोंदले गेले. त्याआधी ही जात त्या बेटावर नव्हती.

एक अडचण मात्र होती. आज मोझांबिकच्या सामुद्रधुनीतले प्रवाह तराफ्याला मादागास्करकडे नेणारे नाहीत. या कोड्याचे उत्तर २०१० मध्ये मिळाले. जेसन अली आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी संगणकावर प्राचीन समुद्रप्रवाहांची प्रतिकृती तयार केली. त्या काळी आफ्रिका व मादागास्कर आजच्यापेक्षा बरेच दक्षिणेला होते आणि तिथे अधूनमधून पूर्वेकडे जाणारे जोरदार प्रवाह निर्माण होत असत. त्यांच्यावरून तराफा काही आठवड्यांत पोहोचू शकला असता. भूखंड उत्तरेकडे सरकत गेले तसे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी प्रवाह बदलले आणि ही वाट बंद झाली.

मादागास्करच्या प्राण्यांची यादी या उत्तराशी चांगली जुळते. वटवाघळे उडत आली. आज तिथे आढळणारे मूळचे भूचर सस्तन प्राणी फक्त चार गटांतले आहेत : लेमूर, टेनरेक, मांसाहारी आणि उंदीरवर्गीय. चारही गटांचे पूर्वज लहान चणीचे असावेत. लेमूर व टेनरेक यांच्यातल्या काही जाती तर आजही महिनोन्महिने निद्रिस्त राहून अन्नपाण्यावाचून दिवस काढू शकतात. असा प्रवासी तराफ्यावर तगू शकतो. हत्ती किंवा सिंह तगणार नाही. पाणघोडे मात्र नंतरच्या काळात पोहोचले होते, पण ते पाण्यातलेच प्राणी.

जे थोडे आले त्यांना मोकळे रान मिळाले. 'फोसा' हा मांजरासारखा दिसणारा शिकारी झाडावरच्या लेमूरचाही पाठलाग करतो, पण नात्याने तो मुंगसाच्या जवळचा आहे. काटेरी पाठीचा टेनरेक उंदराएवढा दिसतो, पण त्याचे दूरचे नाते हत्तीशी आहे. जगातील शॅमेलिऑन सरड्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती इथे आहेत. २०२१ मध्ये वर्णन झालेल्या एका जातीच्या नराचे शरीर शेपूट सोडून अवघे साडेतेरा मिलिमीटर भरले.

आणखी एक नवल नामशेष झालेल्या 'हत्तीपक्ष्या'चे. शहामृगापेक्षाही अवजड असा हा न उडणारा पक्षी सुमारे हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथे होता. त्याच्या अंड्यात आठ-दहा लिटर द्रव मावत असे, म्हणजे कोंबडीची दीडशेच्या आसपास अंडी. तो शेजारच्या आफ्रिकी शहामृगाचा भाऊबंद असेल असे कुणालाही वाटेल. २०१४ मध्ये हाडांतील जनुके तपासली तेव्हा त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक न्यूझीलंडमधला कोंबडीएवढा किवी निघाला. दोघांचा समान पूर्वज उडणारा असला पाहिजे.

भाताची माणसे, गुरांची माणसे

आता माणसांकडे वळू. या देशाची भाषा मालागासी. तिचे काही शब्द मलय भाषेच्या शब्दांशेजारी ठेवून पाहावेत.

दोन : मालागासी 'रुआ', मलय 'दुआ'
पाच : मालागासी 'दिमी', मलय 'लिमा'
दगड : मालागासी 'वातु', मलय 'बातु'
पक्षी : मालागासी 'वुरुना', मलय 'बुरुंग'
मूल : मालागासी 'आनाका', मलय 'आनाक'

इतके साम्य योगायोगाने येत नाही. १९५१ मध्ये नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ ओटो ख्रिश्चन दाल यांनी दाखवून दिले की मालागासीची सर्वांत जवळची बहीण बोर्निओच्या आग्नेय भागातील मान्यान ही भाषा आहे. दाल यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट हेरली. मालागासीत काही मोजके संस्कृत शब्दही आहेत. तिथे एक लाख या संख्येला 'हेत्सी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'कोटी'पासून मलय भाषेमार्गे गेला आणि वाटेत त्याची किंमत बदलली. याचा अर्थ असा की ही माणसे बोर्निओहून निघाली ती इंडोनेशियात संस्कृतचा प्रभाव पोहोचल्यानंतर, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकानंतर. एका शब्दावरून प्रवासाचा काळ ठरवण्यास मदत झाली.

शेतांनीही हीच साक्ष दिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्खननाच्या अभ्यासात, आठव्या ते दहाव्या शतकांतील आफ्रिकी किनाऱ्याच्या वस्त्यांत मुख्यतः आफ्रिकी धान्ये मिळाली, तर मादागास्कर आणि कोमोरो बेटांवर तांदूळ, मूग आणि कापूस ही आशियाई पिके मिळाली. आजही मादागास्करच्या मध्य पठारावर भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे आहेत. 'जेवणे' या अर्थी तिथे 'भात खाणे' असेच म्हणतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. गाईगुरांना मालागासीत 'उंबी' म्हणतात, कोंबडीला 'अकुहू' आणि कुत्र्याला 'अंबुआ'. हे तिन्ही शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बांटू भाषांतले आहेत. म्हणजे भात पूर्वेकडून आला आणि पाळीव जनावरांच्या शब्दांचा ठेवा पश्चिमेकडून. त्यातही ती वशिंडाची गुरे मूळची भारतीय उपखंडातली. ती आफ्रिकेमार्गे तिथे पोहोचली. जनुकीय अभ्यासही दोन्ही बाजूंची साक्ष देतो. आजच्या मालागासी लोकांत आशियाई व आफ्रिकी असे दोन्ही अंश आहेत, पठारावर आशियाई अधिक आणि किनाऱ्यांवर आफ्रिकी अधिक. २०१२ मधील एका अभ्यासानुसार सुमारे १,२०० वर्षांपूर्वी आलेल्या मूळ वसाहतीत प्रजोत्पादन करणाऱ्या स्त्रिया अवघ्या तीसच्या आसपास असाव्यात आणि त्यांतील बहुसंख्य इंडोनेशियाच्या असाव्यात. एखाद्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांहूनही ही संख्या कमी भरेल.

लाल माती आणि आरोप

आकाशातून पाहिले तर मादागास्करच्या नद्या पावसाळ्यात लाल दिसतात. पठारावरच्या टेकड्यांना मोठमोठ्या घळी पडल्या आहेत. त्यांना 'लावाका' म्हणतात. जांभ्यासारखी लाल माती या घळींतून वाहून जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचा अर्थ असा लावला की संपूर्ण बेट पूर्वी घनदाट जंगलाने झाकलेले होते आणि माणसांनी ते जाळून टाकले. हा निष्कर्ष पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला.

१९८० च्या दशकात डेव्हिड बर्नी यांनी तळ्यांच्या तळातील गाळाचे थर तपासले. त्यांत माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून गवताचे परागकण आणि कोळशाचे कण होते. म्हणजे गवताळ प्रदेश आणि वणवे तिथे आधीही होते. लावाकाही माणसाआधीपासून पडत आल्या आहेत, जरी गेल्या हजार वर्षांत त्यांचे प्रमाण वाढले असले तरी. सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणारी कथा चूक होती.

मात्र यावरून जंगल सुरक्षित आहे असा अर्थ कुणी काढू नये. उपग्रहांची चित्रे आणि जुने हवाई नकाशे यांच्या आधारे केलेल्या मोजणीनुसार १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करचे ४४ टक्के नैसर्गिक जंगल गेले. जंगल तोडून-जाळून भात पेरण्याची 'तावी' ही फिरती शेती, आपल्याकडच्या कुमरीसारखी, हे त्याचे एक मोठे कारण आहे. पण फ्रेंच वसाहतीच्या काळात लाकडासाठी आणि निर्यातीच्या कॉफीसाठीही जंगले गेली, आणि १९६० मध्ये स्वतंत्र झालेला हा देश आजही जगातील सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे. दुसरी जमीन नसलेल्या कुटुंबाला 'जंगल वाचवा' एवढेच सांगून भागत नाही.

जे जाईल ते परत येईल का?

माणूस आल्यानंतर हत्तीपक्षी, पाणघोडे आणि गोरिलाएवढ्या मोठ्या लेमूरसह किमान १७ लेमूर जाती नामशेष झाल्या. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने घेतलेल्या आढाव्यात लेमूरच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात आणि त्यांपैकी ३३ अतिसंकटग्रस्त ठरल्या.

२०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडला. मादागास्करने आतापर्यंत जे सस्तन प्राणी गमावले तेवढे वैविध्य उत्क्रांतीने पुन्हा निर्माण व्हायला सुमारे ३० लाख वर्षे लागतील. आज धोक्यात असलेल्या जातीही गेल्या तर हा काळ २ कोटींहून अधिक वर्षांचा होईल. आता समुद्रप्रवाहांची गोष्ट आठवावी. ज्या वाटेने पहिले तराफे आले ती वाटही बंद आहे. भरपाई बाहेरून होणार नाही.

आपल्या वाफ्यातल्या सदाफुलीकडेही यासाठी पुन्हा पाहावे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस या झाडातून व्हिन्ब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन ही द्रव्ये वेगळी करण्यात आली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते. सदाफुली जगभर लावली गेली म्हणून तिचे बी सुरक्षित आहे. तिच्या जंगलात राहिलेल्या कित्येक सग्यासोयऱ्यांना ती सोय नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

सतरा-अठरा मीटर सुतळी घेऊन मैदानावर पसरावी. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षे. एका टोकाला 'आज' अशी चिठ्ठी लावावी. तिथून १६ मीटरवर आफ्रिकेपासूनची ताटातूट, ८ मीटर ८० सेंटिमीटरवर भारतापासूनची, ६ मीटर ६० सेंटिमीटरवर दख्खनचा लाव्हा, ५ ते ६ मीटरच्या दरम्यान लेमूरचे आगमन आणि २ मीटरवर प्रवाहांचे बदलणे. प्रत्येक चिठ्ठी एकेका विद्यार्थ्याने धरावी.

बोर्निओहून आलेल्या माणसांची १,२०० वर्षे या सुतळीवर कुठे येतील याचा हिशेब विद्यार्थ्यांनाच करू द्यावा. उत्तर ०.१२ मिलिमीटर येते, वहीच्या एका कागदाच्या जाडीइतके. त्यानंतर 'आज'च्या चिठ्ठीपलीकडे, भविष्याच्या दिशेने, दोन मीटरहून थोडी जास्त सुतळी आणखी जोडायला सांगावी. धोक्यातल्या जाती गेल्या तर ती पोकळी भरून निघायला लागणारा काळ तेवढा आहे.